‘आकु नो हाना’: प्रेमकथा की छळकथा? उत्तरार्धावरून वाचकांत एवढी फूट का?

शाईचा डाग (प्रश्न)

शुझो ओशिमी यांची ‘आकु नो हाना’, म्हणजे ‘दुष्टतेची फुले’, ही अकरा खंडांची मांगा (जपानी चित्रकथा) मी नुकतीच वाचून संपवली. संपवली असे म्हणते खरे, पण ती डोक्यातून जायला तयार नाही, म्हणून हा धागा काढते आहे. पुढे कथानक शेवटापर्यंत उघड केले आहे, तेव्हा ज्यांना ती स्वतः वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावे.

ज्यांना तपशील आठवत नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डोंगरांनी वेढलेल्या एका लहान गावात, माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा कासुगा फ्रेंच कवी बोदलेरचा ‘दुष्टतेची फुले’ याच नावाचा कवितासंग्रह उराशी बाळगून हिंडतो आणि आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत या समजुतीवर जगतो. वर्गातल्या साएकीची तो मनोमन पूजा करतो. एके दिवशी रिकाम्या वर्गात त्याला तिची खेळाच्या कपड्यांची पिशवी दिसते आणि, का ते त्यालाही सांगता येणार नाही, तो ती घेऊन पळ काढतो. वर्गात कोणाशीच न पटणाऱ्या नाकामुराने हे पाहिलेले असते. ती बोभाटा करत नाही, ती त्याच्याशी ‘करार’ करते: मी गप्प बसेन, तू मी सांगेन ते करायचे. तिथून कासुगाच्या वाट्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार येतो, आणि हळूहळू असे दिसू लागते की त्याला तो मार हवासा वाटतो आहे. सातव्या खंडाच्या सुमारास उन्हाळी उत्सवाच्या गर्दीसमोर दोघे अंगावर रॉकेल ओतून घेतात. नाकामुरा ऐन वेळी त्याला खाली ढकलून देते. तिथे कथा तुटते आणि काही वर्षांनी, दुसऱ्या शहरात, कासुगाला तोकिवा नावाची वाचणारी आणि लिहिणारी मुलगी भेटते, तेव्हा पुन्हा सुरू होते.

आता माझा प्रश्न. या मांगाबद्दल जिथे जिथे वाचले तिथे वाचकांचे सरळ दोन तट पडलेले दिसले. एका तटाचे म्हणणे असे की पूर्वार्ध अस्सल आहे आणि उत्तरार्ध म्हणजे लेखकाने घाबरून घेतलेली माघार आहे. एवढा वणवा पेटवायचा आणि शेवटी नायकाला समजूतदार मैत्रीण मिळवून द्यायची, हे त्यांना पटत नाही. दुसऱ्या तटाचे म्हणणे बरोबर उलट आहे: पूर्वार्ध विकृतीचे प्रदर्शन आहे, उत्तरार्धामुळेच ही कलाकृती वाचण्यासारखी ठरते. माझी अडचण अशी की वाचत असताना मी पहिल्या तटात होते आणि वाचून झाल्यावर दुसऱ्या तटात गेले. डोंगरापलीकडे जाण्यासाठी कासुगा आणि नाकामुरा सायकलवरून निघतात, पावसात अडकतात, साएकी त्यांच्या मागे येते आणि दोघींपैकी एकीची निवड करायची वेळ आल्यावर कासुगा कबूल करतो की आपल्याला बोदलेर कळलेलाच नाही, आपण आतून रिकामे आहोत. तो प्रसंग वाचताना मी अक्षरशः श्वास रोखून बसले होते, आणि त्या दोघांनी डोंगर ओलांडावा असे मला मनापासून वाटत होते. एका मुलीने एका मुलाला धाक दाखवून गुलाम केले आहे हे माहीत असूनही तसे वाटत होते. याची आता थोडी लाज वाटते. ही लाज वाटणे योग्य आहे का, आणि ‘ही प्रेमकथा आहे’ असे म्हणणाऱ्यांना नेमके काय दिसते, हे जाणकारांनी सांगावे.


तिसरी घंटा

लाज वाटण्याचे कारण नाही, पण जे वाटले त्याची चिकित्सा मात्र करायला हवी, आणि ती केली की बोट लेखकाकडे वळते असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, ही पात्रे तेरा-चौदा वर्षांची आहेत. ‘प्रेमकथा’ हा शब्द त्यांच्या संबंधाला लावताना आपण जरा जपून असावे. धाकदपटशाने सुरू झालेला, गुपिताच्या ओझ्याने बांधलेला आणि एकाने दुसऱ्याचा सतत अपमान करण्यावर चालणारा संबंध हा छळ असतो. छळणारी मुलगी आहे आणि छळला जाणारा मुलगा आहे, म्हणून त्याचे नाव बदलत नाही. पात्रे उलटी केली असती, म्हणजे एखाद्या मुलाने मुलीचे गुपित पकडून तिला असेच नाचवले असते, तर या मांगाला प्रेमकथा म्हणणारे किती उरले असते, याचा ज्याने त्याने विचार करावा.

मात्र माझा मुख्य आक्षेप नाकामुराच्या वागण्याला नाही. दुष्ट पात्र रंगवणे हा लेखकाचा हक्क आहे आणि ते रंगवल्याबद्दल त्याला दोषी धरणे म्हणजे १८५७ मध्ये बोदलेरवर खटला भरणाऱ्यांच्या रांगेत उभे राहणे आहे. त्या खटल्यात कवीला दंड झाला, सहा कविता संग्रहातून काढाव्या लागल्या आणि त्यांच्यावरची बंदी १९४९ मध्ये उठली, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल. मला ती चूक करायची नाही. माझा आक्षेप मापातल्या खोटेपणाला आहे. नाकामुराला लेखक प्रत्येक वेळी उत्तम प्रकाशात उभी करतो. तिचा चष्मा, तिचे वाऱ्यावर उडणारे केस, तिचे एकटेपण, सगळे इतक्या प्रेमाने रेखाटले आहे की तिने केलेल्या प्रत्येक गोष्टीला आधीच माफी मिळालेली असते. साएकीच्या पदरात मात्र काय पडते? ती आधी देवी असते, मग अडथळा होते, आणि मग त्यांचा नदीकाठचा अड्डा पेटवून देणारी मत्सरी मुलगी होते. जिच्यावर सगळ्यात आधी अन्याय झाला, जिची वस्तू चोरीला गेली आणि जिच्या भावनांशी दोघेही खेळले, तिच्या दुःखाला या अकरा खंडांत स्वतःचे असे फार थोडे पान मिळते. उत्तरार्धात ती कासुगाला पुन्हा भेटते आणि त्याला चार गोष्टी सुनावते, तो प्रसंग मला सबंध मांगातला सर्वांत प्रामाणिक वाटतो, आणि नेमका तोच फार लवकर आटोपतो.

तेव्हा धागा काढणाऱ्यांना माझे उत्तर असे: तुम्ही डोंगर ओलांडण्याची वाट पाहिलीत, कारण चित्रकाराने तुम्हाला सायकलवर बसवले होते. मागून भिजत धावत येणाऱ्या मुलीच्या जागी तुम्हाला बसवणे त्याला तितकेच शक्य होते. त्याने ते केले नाही.


उजवीकडून डावीकडे

तिसरी घंटा यांचा साएकीबद्दलचा मुद्दा मला बराचसा मान्य आहे, तरी ‘मापात खोट’ हा शब्द मान्य नाही, आणि त्याचे कारण कथेपेक्षा रेखाटनात आहे. या मांगाची चर्चा करताना लोक ती कादंबरी असल्यासारखी बोलतात, चित्रांकडे पाहत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

सुरुवातीचे खंड आणि शेवटचे खंड शेजारी ठेवून पाहावेत. सुरुवातीला चेहरे ठोकळेबाज आहेत, डोळे मोठे आहेत, घाम, आरडाओरडा, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे, असा सगळा थाट ठरलेल्या मांगाचा आहे. कासुगा जे जे अनुभवतो ते ते नाटकी आहे, कारण तो स्वतःच्या डोक्यातल्या नाटकात जगतो आहे. जपानीत याला ‘चूनिब्यो’ म्हणतात, शब्दशः ‘माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षाचा आजार’. हिकारू इजुइन या रेडिओ निवेदकाने १९९९ मध्ये आपल्या कार्यक्रमात हा शब्द थट्टेने वापरला आणि तो भाषेत रुळला. आपण निवडलेले आहोत, जगाला आपण कळत नाही, अवघड पुस्तके आपल्यासाठीच लिहिली आहेत, ही ती अवस्था. कासुगा बरोबर त्याच वर्षात आहे, हा योगायोग नव्हे. उत्तरार्धात मात्र रेघा बारीक होतात, छटा आडव्या-तिरप्या रेषांनी भरल्या जातात, संवाद विरळ होतात, आणि कित्येक पाने कोणी काही न बोलता सरकतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानात तोकिवाच्या हातात ‘दुष्टतेची फुले’ दिसते तो प्रसंग काढून पाहावा. पूर्वी जिथे ओशिमी एका झटक्यात पान भरून टाकत, तिथे आता हात, पुस्तकाचे मुखपृष्ठ, थांबलेली पावले, पुन्हा हात, अशा छोट्या चौकटी येतात. नायकाची नजर बदलली आहे, आणि ते लेखकाने शब्दांत न सांगता पेन बदलून सांगितले आहे. याला मी माघार म्हणणार नाही.

दुसरा मुद्दा काळाचा आहे. ही मांगा कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘बेस्सात्सु शोनेन मॅगझिन’ या मासिकात, २००९ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्याच अंकापासून २०१४ पर्यंत चालली. (‘शिंगेकी नो क्योजिन’, म्हणजेच ‘अटॅक ऑन टायटन’, ही मांगाही त्याच पहिल्या अंकात सुरू झाली, एका अंकात एवढी दोन प्रक्षोभक बाळे जन्मावीत, हे त्या संपादकांचे नशीबच म्हणायचे.) सुरुवातीला कासुगाच्या वयाचा असलेला वाचक शेवटचे प्रकरण येईपर्यंत अठरा-एकोणीस वर्षांचा झाला होता, म्हणजे तो कथेतल्या मुलांबरोबर वाढला. त्याला उत्तरार्ध अचानक आलेला वाटण्याचे कारण नव्हते, कारण मधली वर्षे त्याने स्वतः जगून काढली होती. आपण अकरा खंड दोन आठवड्यांत संपवतो आणि मग म्हणतो की लेखकाने गाडी एकदम वळवली. गाडीचा वेग आपण वाढवलेला असतो.

आणि हे शोनेन मासिक आहे, म्हणजे नावाप्रमाणे मुलांसाठीचे, जिथे प्रत्येक चित्रलिपी-अक्षराशेजारी उच्चार छापलेला असतो, हेही विसरू नये. ओशिमी यांनी ही मांगा पौगंडावस्थेत होरपळणाऱ्या आणि पूर्वी होरपळून गेलेल्या मुलामुलींना अर्पण केली आहे. अर्पणपत्रिकेतल्या या दोन गटांना एकच पुस्तक एकसारखे दिसेल अशी अपेक्षा मुळातच चुकीची आहे.


गावाबाहेरचा रस्ता

एक छोटी शंका, थोडी अवांतर. नाकामुराच्या तोंडी सतत येणारी ‘कुसोमुशी’ ही शिवी आपण मराठीत कशी वाचावी? पहिल्या खंडाच्या जपानी मुखपृष्ठावर तिच्या तोंडून हीच शिवी बाहेर पडते आहे, म्हणजे वाचकाचे स्वागतच शिवीने होते. मी मनात ‘शेणकिडा’ असे वाचत गेलो आणि मला वाटते त्यामुळे माझे सगळे वाचन वेगळे झाले. शेणकिडा म्हटले की मराठीत तिरस्काराबरोबर थोडी कीवही येते, आणि शेणकिडा निदान आपला गोळा ढकलत कुठेतरी जात तरी असतो. इंग्रजीतून वाचणाऱ्यांना ती शिवी नुसती घाण वाटली असावी. प्रेम की छळ या वादात अनुवादाचाही थोडा वाटा असेल का?


उजवीकडून डावीकडे

नक्कीच असेल. जपानीतही ‘मुशी’ म्हणजे किडा, आणि कीटक गोळा करणे हा तिथल्या मुलांचा जुना छंद, त्यामुळे त्या शब्दात निव्वळ किळस नाही. शिवाय नाकामुरा ही शिवी कोणाला देते ते पाहावे. सुरुवातीला ती सगळ्या जगाला देते. पुढे पुढे कासुगाला ती शिवी मिळते तेव्हा त्यात ‘तूही त्यांच्यातलाच निघालास’ अशी निराशा असते. शिवी तीच राहते आणि तिचा अर्थ सरकत जातो.


वृत्तीकार

चर्चा चांगली चालली आहे. मला त्यात आपल्या जुन्या काव्यशास्त्रातली एक संकल्पना आणावीशी वाटते, कारण प्रश्न विचारणाऱ्या बाईंच्या अनुभवाचे इतके नेमके वर्णन मला दुसरीकडे कुठे आढळलेले नाही. ती संकल्पना म्हणजे रसाभास.

शृंगार हा रस केव्हा होतो आणि केव्हा त्याचा नुसता आभास होतो, याची चर्चा आपल्याकडे फार बारकाईने झाली आहे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त शृंगाराभासाची जी स्थाने सांगितली आहेत त्यांत ‘अनुभयनिष्ठ रती’ हे एक आहे, म्हणजे दोघांच्या ठिकाणी नसलेली, एकाच्याच मनात असलेली प्रीती. अभिनवगुप्ताने तर रावणाच्या सीतेवरील आसक्तीचेच उदाहरण घेतले आहे. त्यात गोम अशी आहे की रावणाचे उद्गार ऐकताना श्रोत्याला आधी शृंगारच जाणवतो. उत्कंठा खरी वाटते, विरह खरा वाटतो. मागाहून विचार केला म्हणजे ध्यानात येते की समोर सीतेच्या मनात काहीच नव्हते, ही चांदी नव्हती, शिंपल्यावर दिसलेला चांदीचा भास होता. अभिनवगुप्ताने दाखला शिंपल्याचाच दिला आहे.

म्हणजे भास होतो त्या क्षणी तो भास आहे हे कळत नाही, आणि कळत नाही म्हणून श्रोता दोषी ठरत नाही. भास झालाच नसता तर नंतरची जाणीव कशाची झाली असती? वाचताना पहिल्या तटात आणि वाचल्यावर दुसऱ्या तटात जाणे ही वाचनातली गफलत नसून या प्रकारच्या कथेची रीतच आहे. दोन तट पडतात ते नीतिमान आणि अनीतिमान वाचकांचे पडत नाहीत. एका तटाला पाहण्याचा क्षण प्रमाण वाटतो आणि दुसऱ्याला विचाराचा.

आता तिसरी घंटा यांच्या आक्षेपाकडे येतो. नाकामुरा प्रकाशात आणि साएकी अंधारात, हे त्यांचे निरीक्षण बरोबर आहे, परंतु हा प्रकाश कोणाच्या डोळ्यांतून पडतो आहे? जवळजवळ सर्व कथा कासुगाच्या नजरेतून दिसते, आणि तो मुलगा स्वतःशी खोटे बोलण्यात तरबेज आहे. आधी त्याने साएकीला देवी केले, मग तेच सिंहासन उचलून नाकामुराखाली ठेवले. दोन्ही वेळी समोरच्या मुलीच्या मनात काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते. अनुभयनिष्ठ रतीचे एवढे स्पष्ट उदाहरण शोधून सापडायचे नाही. मी तर म्हणेन की या मांगात पूर्वार्धात दोन शृंगाराभास आहेत आणि शृंगार एकही नाही. तोकिवाशी तो आपली सगळी गोष्ट उघड करतो आणि ती ते ऐकून थांबायचे ठरवते, तिथे पहिल्यांदा दोन बाजू तयार होतात.


तिसरी घंटा

वृत्तीकार यांच्या मांडणीने मला विचारात पाडले हे कबूल करतो, तरी माझे समाधान झालेले नाही. ‘हे नायकाच्या नजरेतून आहे’ हे उत्तर फार सोयीचे असते. ते कोणत्याही लेखकाला कोणत्याही गोष्टीतून सोडवते. नजर नायकाची असली तरी चौकटी आखणारा हात लेखकाचा असतो, आणि नायक चुकतो आहे हे वाचकाला सुचवण्यासाठी त्या हातात हजार युक्त्या असतात. वर्गाची नासधूस करण्याची ती रात्र आठवावी. शाईने माखलेल्या भिंती, जमिनीवर चितारलेले ते एका डोळ्याचे प्रचंड फूल आणि मध्ये दमून पडलेली ती दोघे. ती चित्रे सुंदर आहेत, आणि मुद्दाम सुंदर केली आहेत. दुसऱ्या दिवशी तो वर्ग पाहणाऱ्या मुलांच्या मनाचे काय झाले असेल, हा प्रश्न त्या सौंदर्याखाली गाडला जातो. भास दाखवायचा असेल तर शिंपला कुठेतरी दिसला पाहिजे.

शिवाय रावणाचे उदाहरण घेतलेच आहे म्हणून सांगतो. रामायणात सीता नकार देते, आणि तो नकार ऐकू येतो. त्यामुळे श्रोत्याला परत येण्याची वाट मोकळी असते. इथे साएकीचे म्हणणे ऐकू येईपर्यंत वाचक कासुगाच्या मागे फार लांब गेलेला असतो, आणि काही जण परत येतच नाहीत. नाकामुरालाच आदर्श मानून बसलेले वाचक मी पाहिले आहेत. ते मूर्ख नाहीत.


तेरावा भाग

मी ही कथा आधी अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) म्हणून पाहिली आणि नंतर वाचली, त्यामुळे या वादाकडे पाहण्याचे माझे ठिकाण थोडे निराळे आहे.

एप्रिल २०१३ पासून दाखवल्या गेलेल्या त्या तेरा भागांनी जी फूट पाडली तिच्यापुढे इथला वाद म्हणजे काहीच नाही. दिग्दर्शक हिरोशी नागाहामा यांनी रोटोस्कोपिंग वापरले, म्हणजे खऱ्या नटांकडून सगळे प्रसंग करवून घेऊन चित्रित केले आणि मग त्या चित्रणावरून एकेक चौकट रेखाटली. परिणामी मांगातली गोंडस साएकी आणि देखणी नाकामुरा नाहीशी झाली आणि त्यांच्या जागी साध्या, सपाट चेहऱ्यांची, खांदे पाडून चालणारी, दूर गेली की नाक-डोळेही पुसले जाणारी माणसे आली. पहिला भाग प्रसारित होताच प्रेक्षक खवळले. ‘आमच्या नाकामुराला विद्रूप केले’ हा त्या संतापाचा सूर होता.

तिसरी घंटा यांनी जो शिंपला मागितला आहे तो माझ्या मते इथे दिसतो. पात्रांवरचे मांगाचे तेज काढून घेतल्याबरोबर तेच संवाद आणि तेच प्रसंग पाहणे अवघड झाले. वर्गाच्या नासधुशीनंतर दोघे हातात हात घालून घरी चालत जातात, तो प्रसंग अ‍ॅनिमेत कित्येक मिनिटे चालतो. कोणी बोलत नाही. रिकामे रस्ते, बंद दारे, विजेच्या तारा आणि दोन लहान मुले चालत आहेत. हो, लहान मुले. मांगात मला त्यांचे वय कधी जाणवले नव्हते, तिथे जाणवले. किर्यू हे गुन्मा प्रांतातले गाव ओशिमी यांचे जन्मगाव, आणि अ‍ॅनिमेतली पार्श्वभूमी तिथलीच आहे. ज्या गावातून पळून जायला ही मुले आसुसली आहेत ते इतके साधे आणि निरुपद्रवी दिसते की त्यांचा आकांत आणखीच एकाकी होतो. काहींना हा प्रसंग म्हणजे वेळेचा अपव्यय वाटला. मी तो तीनदा पाहिला.

आणखी एक गोष्ट इथे कोणी नोंदवलेली नाही. अ‍ॅनिमे निघाली तेव्हा मांगा पूर्ण झालेली नव्हती. शेवटच्या भागात पुढच्या घटनांची भराभर झलक दाखवली आहे, पण पुढचा हंगाम कधी आलाच नाही. त्यामुळे जे फक्त अ‍ॅनिमे पाहून थांबले त्यांना तोकिवा माहीतच नाही. त्यांच्यासाठी ही कथा अजूनही डोंगराच्या अलीकडेच अडकलेली आहे, आणि नाकामुरावर जीव टाकणाऱ्यांत या मंडळींचा भरणा मोठा असावा असा माझा अंदाज आहे. २०१९ मध्ये नोबोरू इगुची यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात उत्तरार्धही घेतला आहे, परंतु एवढा पल्ला एका चित्रपटात कोंबल्यावर जे व्हायचे तेच झाले आहे, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.


शाईचा डाग

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून मी दोन ठिकाणे पुन्हा काढली आणि त्यांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिले ठिकाण समुद्रकिनाऱ्याचे. कासुगा तोकिवाला बरोबर घेऊन नाकामुराला भेटायला जातो. ती आता आईजवळ, समुद्राकाठच्या गावात राहते. इतकी वर्षे ज्या प्रश्नाने त्याला पोखरले तो प्रश्न तो तिला विचारतो: त्या दिवशी मला का ढकललेस? मला वाटत होते की या प्रश्नाच्या उत्तरावर सगळे काही अवलंबून आहे. त्याला वाचवायला ढकलले असेल तर ते प्रेम, आणि तो आपल्या लायकीचा नाही म्हणून ढकलले असेल तर ती क्रूरता. नाकामुरा त्याला धड उत्तर देतच नाही. पहिल्या वाचनात मी यावर चिडले होते. वृत्तीकार यांचे वाचून झाल्यावर पुन्हा पाहिले, तेव्हा लक्षात आले की उत्तर मिळाले असते तर कासुगाने त्या उत्तराचेही सिंहासन करून तिला त्यावर बसवले असते. ती त्याला तेवढी संधी देत नाही.

दुसरे ठिकाण शेवटच्या प्रकरणाचे, आणि हे मी तिसरी घंटा यांना उद्देशून लिहिते आहे. त्यात कथा पुन्हा पहिल्या दिवसावर जाते आणि प्रथमच सगळे नाकामुराच्या डोळ्यांनी दिसते. तिच्या नजरेतले गाव, वर्ग आणि माणसे काळ्या गिचमिडीत विरघळलेली आहेत, कोणाचा चेहरा धड लागत नाही. दहा खंडभर आपण जिला वाऱ्यावर उडणारे केस आणि चमकणारा चष्मा म्हणून पाहत होतो, तिला स्वतःला यांतले काहीच दिसत नव्हते. ती पाने पाहताना मला भीती वाटली, आणि तिला प्रकाशात उभे केले होते ते कोणी, हे वेगळे सांगावे लागले नाही. तुम्ही मागितलेला शिंपला ओशिमी यांनी दिला आहे. त्यांनी तो शेवटच्या पानांपर्यंत मुठीत ठेवला, हा दोष मानायचा की कौशल्य, यावर मात्र माझे मत अजून ठरत नाही.

साएकीच्या डोळ्यांनी तो पहिला दिवस कसा दिसला असता, तेही एक प्रकरण हवे होते. तेवढ्यापुरती मी तुमच्या बाजूची आहे.


तिसरी घंटा

शेवटचे प्रकरण मी पुन्हा वाचेन. साएकीच्या प्रकरणाबद्दल आपले एकमत झाले, एवढे मला पुरे आहे.